पडलेलं दान

डुलुथ, जानेवारी एकोणऐंशी. सरोवर पार आतपर्यंत गोठलेलं.
आर्लिस कोस्केलाच्या तळघरात पिंगपाँगचं टेबल,
जाळी काढून भिंतीला टेकवलेली,
आणि तीन फासे: दोन पांढरे, एक हिरवा,
मुलांच्या कुठल्याशा हरवलेल्या खेळातले.

सटवाई इतक्या उत्तरेला येत नसावी.
आली तरी आधी भट्टीपाशी हात शेकेल,
मग विचारेल, कपाळं कुठायत?
इथे कपाळ नाही, चौकटींचा कागद आहे.
ज्याचं त्यानं लिहायचं, पेन्सिलीनं,
पण खोडरबर आर्लिसच्या खिशात.

तीन फासे, सहा वेळा.
शक्ती, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई, छाप.
याच क्रमानं. अदलाबदल नाही, परत टाकणं नाही.
"माणूस आधी जन्मतो," आर्लिस म्हणते,
"कोण व्हायचं ते मग बघतो."
बावीस वर्षं तिनं गोदीवर
लोहखनिजाचे डबे वजनाला घेतले आहेत.

ओडेलला पडलं: शक्ती सहा. बुद्धी पाच.
शहाणपण सात. काटकपणा चार
(कुणीतरी शीळ घातली).
चपळाई आठ.
छाप मात्र अकरा,
म्हणजे बापडा निदान हसतमुखानं मरेल.

मग हार्लन. सतरा. पंधरा. सोळा.
त्याचे कान लाल होत चालले,
दुसऱ्याच्या ताटातलं खाताना पकडल्यासारखे.
चौथ्या वेळी तीन षटकार एका ओळीत,
आणि कॉफीकडे हात नेताना
त्यानं कोपरानं हिरवा फासा
हळूच एकावर वळवला.

आपल्या भाषेत दोन्हीला दानच म्हणतात,
हातातून सुटतं ते, आणि कुणाच्या हातावर ठेवतात ते.
हार्लनला ही भाषा येत नव्हती.
आर्लिसला तर नाहीच.
तिनं फासा उचलला, पुन्हा सहावर ठेवला.
"काट्याला दया आली," ती म्हणाली,
"की पुढे कुठेतरी पूल मोडतो."

ओडेल हसत होता.
"नऊ वर्षांपूर्वी," तो म्हणाला,
"काचेची बरणी, निळ्या कुप्या,
प्रत्येकीत एक जन्मतारीख. टीव्हीवर.
आई बटाटे सोलत होती, तिनं सोलणं थांबवलं नाही.
माझी तारीख तीनशेच्या पुढे निघाली.
अ‍ॅल्विनची पहिल्या विसांत.
अकरा महिन्यांचं अंतर आमच्यात.
तसं म्हटलं तर न्यायच होता, बरणी सगळ्यांना एकच."
थोडं थांबून,
"नीट हलवली नव्हती म्हणतात."

जूनी सोळा वर्षांची, हार्लनची भाची,
ती टेबलावर जवळजवळ चढलीच.
"मग सारखे वाटा ना! साठ-साठ गुण प्रत्येकाला,
हवे तिथे खर्च करा.
बाहेर जमत नाही, तर निदान
एका तळघरात तरी?"

भट्टी धडधडत सुरू झाली.
कुणी तिला उत्तर दिलं नाही.
आर्लिसनं वहीचं पान उलटलं,
मग परत तेच पान.

मार्चमध्ये हार्लनचा वीर
एका साध्या खड्ड्यात पडून मेला,
अठरा काटकपणासकट.
एप्रिलात बर्फ फुटलं, पहिल्या जहाजाचा भोंगा
तळघराच्या खिडकीपर्यंत आला,
तेव्हा ओडेलचा तो चार काटकपणावाला
सगळ्यांच्या मागे कंदील धरून चालतच होता.
त्यातून काही सिद्ध होत नाही. जूनीनं तेच म्हटलं,
आणि ते खरं होतं.

त्या पहिल्या रात्री मात्र
ओडेलनं नावाचा रकाना बराच वेळ कोरा ठेवला.
आर्लिस म्हणाली, इथे फासे लागत नाहीत,
हे एवढं तुझं तू.
त्यानं लिहिलं, आणि पंजाखाली झाकून बसला,
शाळेत पोरं उत्तर झाकतात तसा.